तेरा चौकटी

तवनाप्पा उगारे, वय एकाहत्तर.
निपाणीच्या वखारीत चाळीस वर्षं तंबाखू जोखली.
आता माझ्यासमोर स्टुलावर बसून
पिशवीतून एकेक पाकीट काढतात,
एक मिरजेचं, एक संकेश्वरचं,
एक कुणाचं ते त्यांनाही आठवत नाही.

मिरजेची गोळी मला ठाऊक आहे.
मागं दोनदा हृदय असं उधळलं होतं
की सून, त्रिशला, अंगणातच छाती दाबत बसली.
ही गोळी त्याला लगाम घालते.
लगाम फार ओढला
तर तेच जनावर पुन्हा बिथरतं, वेगळ्याच चालीनं.

"खोकला व्हता, म्हणून संकेश्वरास्नं आणल्या.
पाच दिसाच्या. त्यानं पोट सुटलं बघा."
सांगतात सहज,
वजनात पावशेर इकडंतिकडं झाल्यागत.

गुलाबी कागद टेबलावर पसरते.
क्यूपासून टीच्या शेपटापर्यंत
बारीक चौकटी मोजत जाते.
नऊ. दहा. अकरा.
इथं थांबायला हवं होतं.
बारा.
तेरा.
खालच्या ओळीत पुन्हा मोजते. तेराच.
लॅबचा मुलगा चिठ्ठी ठेवून जातो:
पोटॅशियम तीन पॉइंट एक.

"मळमळतंय, तेवढी एक गोळी द्या की."
माझा हात लिहायला लागलेलाही असतो,
रोजचीच गोळी, दिवसातून वीसदा लिहिते,
पहिलं अक्षर उमटतं
आणि मग आठवतं, हीसुद्धा तीच दोरी ताणते.
मी अक्षर खोडते.
कागद फाटेस्तोवर खोडते.

मिरजेला फोन. मूत्रपिंडाचा आकडा जुना निघतो,
गेल्या दिवाळीच्या आधीचा.
सलाईन, मॅग्नेशियम, बेळगावची अँब्युलन्स,
आणि रात्रभर त्यांच्या उशाशी मॉनिटर.
यमकनमर्डीच्या पुढं सिग्नल गेला म्हणून
त्रिशलाचा फोन अर्ध्यावर तुटतो.
मी तो हातात धरून बसते, बराच वेळ.

आठवड्यानं परत येतात. साडेदहा चौकटी.
आता गोळी अर्धीच.
"अर्धी म्हंजे किती? वखारीत अर्ध्यावरनं
माणसं मारामाऱ्या करायची."
मी गोळी कापून तळहातावर ठेवते.
ते बोटानं दोन्ही तुकडे जोखतात,
उजवा जरा जड, म्हणतात. खरंच असतो.

मग यादी करते: काय काय घ्यायचं नाही.
खोकल्याचं, मळमळीचं, झोपेचं,
मला विचारल्याशिवाय काहीच नाही.
वर तांबड्या शाईत: नको.
त्रिशला गोकाकची, कन्नड शाळेतली,
ती शेजारी लिहिते: बेडा.
तिसऱ्या नावावर तिचं पेन थबकतं.
"बाई, हे ट हाय का ढ?"

मी बघते. मलाही कळत नाही.

नवा कागद घेते.
दुकानाच्या पाटीवर असतात तेवढी मोठी अक्षरं काढत
पहिल्यापासून लिहायला लागते.