अकरा मिनिटं

तांडापेठेत लाईट जात नाही, लाईन जाते.
मे महिन्यात, दुपारी दोन-चाळीसला
कूलर घरघर सोडून देतो
आणि मागच्या खोलीत, बाबांच्या बंद मागाशेजारी,
यूपीएस एकदा किंचाळतो.

तिथून अकरा मिनिटं.
बॅटरी नवी होती तेव्हा तेवीस होती.
एकेक उन्हाळा तिच्यातली चार मिनिटं पिऊन गेला.
सहाव्या मिनिटाला सर्व्हर आपणच आवरायला घेतो,
उघड्या फायली मिटतो, नवव्याला निजतो.
तो हुकूम मी लिहिला, एका रात्री, डास मारत.
उरलेली दोन मिनिटं कोणासाठी ठेवली
ते मला सांगता येत नाही.

सर्व्हर म्हणजे सीताबर्डीहून घासाघीस करून आणलेला
जुना डबा. त्यात चारशे बारा किनारी.
बाबांनी, त्यांच्या काकांनी, गल्लीतल्या नंदनवारांनी
आलेखाच्या कागदावर घर-घर भरलेल्या:
करवत, रुईफूल, बुगडी,
आणि एक, जिला नाव नाही, नुसती "सरसाबाईची".
रात्री कुठूनतरी कोणीतरी येतं,
सुतं मोजून जातं.

गजभिये वायरमन म्हणाला,
"जाणाऱ्या लाईनचं भेव नाही, बाई.
येणारीचं आहे. ते येते ना, धावत येते."
अंगणात त्यानं खड्डा खणला,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
"याले रोज एक बादली पाणी द्या. सुकला का गेला."
एप्रिलभर मी दिलं.
मेमध्ये नळ दिवसाआड झाला
आणि ती बादली कूलरच्या टाकीत गेली.

त्या मंगळवारी लाईन धावतच आली.
आधी जळक्या रबराचा वास, मग काहीतरी गोडसर.
डिस्क आतून टक, टक,
धोटा रिकामाच आपटावा तशी.

तीन प्रती असाव्यात, एक परगावी, हे मला माहीत होतं.
दुसरी प्रत त्याच भिंतीत, त्याच बोर्डात लावलेली.
तीही गेली.
तिसरी मोहाडीला, मावसबहीण कुंदाकडे, तांदळाच्या कोठीत.
दर शनिवारी एसटीनं जायची,
सुती चिंधीत गुंडाळून, स्टीलच्या डब्यातून.
कंडक्टरनं एकदा विचारलं, काय आहे?
कुंदा म्हणाली, काठ.
तो म्हणाला, मग साडी कुठाय?

बुधवारी कुंदा डबा घेऊन आली.
चारशे अकरा परत आल्या.
एक आली नाही.
ती बाबांनी आठ दिवस बसून काढलेली,
रविवारी पुरी झाली, सोमवारी मी आत घेतली,
आणि कागद कूलरखाली अंथरला, गळतं पाणी टिपायला.
म्हटलं, आता आत आहे ना.

जुना ताणा संपला की बाबा तो पुरा कापत नसत.
वीतभर टोकं मागावर राहू देत,
बोटांना राख लावून
नव्याचं एकेक सूत जुन्याच्या टोकाला पिळत.
दोन हजार चारशे सुतं.
"हे ठेवलं नसतं त सारी फणी पुन्हा भरा लागते."
हे सांगताना त्यांना बॅकअप हा शब्द माहीत नव्हता.
मला माहीत होता.

"काहून रडून राहिली? आण कागद."
थरथरत्या हातानं त्यांनी नऊ घरं भरली.
दहाव्यापाशी पेन्सिल थांबली.
"इथं काय होतं? तुले आठवते?"

मी ती स्कॅन केली होती.
पाहिली नव्हती.

आता बुधवारीही एक डबा जातो.
खड्ड्याला पाणी आंघोळीच्या आधी.
महिन्यातून एकदा तिसरी प्रत उघडते,
आहे का एवढंच नाही बघत,
एकेक किनार बोटानं, घर-घर.
सहाव्या मिनिटाचा हुकूम चौथ्यावर आणला.
अकराची आता नऊ झालीत.