दहा मिनिटं

निळ्या पाण्याच्या बरणीत चिमटे बुडले
की थोआमावशी अंड्याएवढा टाइमर फिरवते.
दहा मिनिटं. नऊ नाहीत.
गिऱ्हाइकाचं विमान असो, लग्न असो,
बाहेर बिलक्सीच्या किनाऱ्यावर वादळ येत असो.
"जंतूंना माझ्याहून कमी इंग्रजी येतं," ती म्हणते,
"त्यांना 'लवकर आटपा' सांगून उपयोग नाही."

मी इथे लागले तेव्हा पहिले दोन महिने
एका नखाला हात लावू दिला नाही तिने.
टब घासायचे. आधी जाळी काढायची,
जाळीमागचे केस, कातडीचा भुगा, कुणाच्या तरी सुट्टीतली वाळू
साबणाने. मग औषध. मग पुन्हा दहा मिनिटं.
मळावर औषध ओतणं म्हणजे
न धुतलेल्या तोंडाला पावडर, म्हणायची
आणि जाळीच्या खाचेत बोट घालून बघायची.
हात धुऊन मागे लागणं म्हणजे काय
ते मला तिथे कळलं.

कानस मात्र ती धूत नाही.
एका माणसाला एक. काम झालं की
त्याच्या डोळ्यांदेखत मोडते, कट्,
आणि टोपलीत.
तिच्या हिशेबाच्या वहीत
"मोडलेल्या" असा वेगळा रकाना आहे.
बंदरावरच्या शेडमध्ये अकरा वर्षं कोळंबी सोलली तिने;
बोटांच्या चिरांत मीठ जायचं
आणि सुरी एकच असायची, सहाजणींत.
एवढं सांगते. सहाव्या बाईचं पुढे काय झालं
ते सांगत नाही.

अर्नेटाबाई गुरुवारी यायच्या.
शाळेची बस चालवून निवृत्त. साखरेचा आजार.
"पाय झोपलेत माझे," म्हणायच्या, "नवऱ्यासारखे.
हलवलं तरी उठत नाहीत."

त्या गुरुवारी मावशीने त्यांचा डावा पाय हातात घेतला,
बोटं अलग केली
आणि टबाचा नळ बंद केला.
"पाणी नाही," ती म्हणाली.
तिचं इंग्रजी तिच्या नखांसारखं, आखूड कापलेलं.

दुकानात एकदम पंखेच ऐकू यायला लागले.
अर्नेटाबाईंनी पाय मागे घेतला.
"सात वर्षांची होते मी," कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या,
"पोहायच्या तलावाच्या फाटकात
एक माणूस हेच म्हणाला होता.
हेच दोन शब्द."

मला दोन्हीकडचं कळत होतं
आणि बोलता एकीकडचंही येईना.
विटाळ आणि काळजी
दोघीही हातमोजे घालूनच येतात,
बाहेरून ओळखायचं कसं?

मावशीने हातमोजे काढले नाहीत.
मी असते तर काढले असते
आणि चुकले असते.
केस बघायचा आरसा तिने भिंतीवरून उतरवला,
गुडघ्यांवर बसली,
तळव्याखाली तो तिरका धरला.

करंगळीच्या बेचक्यात
मसुरीच्या दाण्याएवढी जखम. कडा पांढरी.

अर्नेटाबाई बघत राहिल्या,
आपल्याच घरची बातमी
शेजाऱ्याकडून ऐकावी तशा.
"पण दुखत नाही."

मावशी मग आमच्या भाषेत बोलली,
आणि मी ते जसंच्या तसं पलीकडे नेलं, सांडू न देता:
"तुमच्या पायाला कळत नाही,
म्हणून मला कळायला हवं."

पैसे घेतले नाहीत. दवाखान्याचा पत्ता दिला.
त्यांनी तो पर्समध्ये ठेवला की फेकला, दिसलं नाही.

पुढचे सात गुरुवार
त्या खुर्चीचा टब मीच घासला, कोरडाच होता तरी.

आठव्या गुरुवारी दार वाजलं.
एका पायात मोठा पट्ट्यांचा बूट.
"बोटं पाचही आहेत," त्या म्हणाल्या, "मोजून घ्या.
आज फक्त हात."

टाइमर वाजेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
काम संपलं तेव्हा मावशीने कानस मोडायला उचलली.
अर्नेटाबाईंनी ओल्या रंगाच्या बोटांनी
ती तिच्या हातून काढून घेतली.

पहिल्या झटक्यात मोडली नाही.
अंगठ्याचा रंग फिसकटला.
मावशीने नवीन कापूस घेतला.