कोरा नमुना

कुमासीत वीज गेली की
आधी पंखा थांबतो,
मग डॉक्टर अमोआको-अत्ता बोलायचे थांबतात,
आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने,
क्रोमॅटोग्राफचा हिरवा दिवा.
जनरेटर लागेपर्यंत आम्ही अकरा जण
आपापल्या बाटल्यांवर हात ठेवून बसतो.
नियमच आहे तसा:
नमुना नजरेआड झाला तर तो पुरावा राहत नाही,
नुसती बाटली उरते.
अंधारात नजर नाही,
म्हणून हात.

पहिल्या वर्षी वाटलं होतं, इथे रक्त असेल.
इथे वह्या आहेत.
पेन्सिल चालत नाही. खोडरबर दारातच काढून ठेवायचं,
मशिदीच्या पायरीवर चपला काढतात तसं.
चूक झाली तर तिच्यावरून एकच रेघ,
खालचं अक्षर वाचता येईल अशी;
शेजारी सही, शेजारी वेळ.
माझ्या वहीत इतक्या रेघा झाल्यात
की पोकुआ म्हणते, ही वही नाही,
नांगरलेलं रान आहे.

यंदा आमच्या वाट्याला दारू आली.
ताडाच्या रसाची, हातभट्टीची, अक्पेतेशी.
सतरा बाटल्या. कुठल्या, कुणाच्या, ते नाही,
फक्त आकडे.
एखाद्या आकड्यामागे एखादं गाव आंधळं झालं असेल
किंवा नसेल, ते सांगत नाहीत.
सांगितलं तर हात तिकडे झुकतो, म्हणतात सर.
पडद्यावर मिथेनॉल आधी येतं, इथेनॉल नंतर,
मध्ये जेमतेम काही सेकंद,
आणि त्या सेकंदांत
कुणाचे तरी डोळे.

शनिवारी आईच्या मावशीचा अंत्यविधी होता.
लाल-काळी वस्त्रं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भाड्याचे कर्णे.
मामांनी पूर्वजांचं नाव घेऊन जमिनीवर धार सोडली
आणि उरलेला ग्लास माझ्यापुढे केला:
"घे, विद्यापीठवाले."
मी तो नाकाशी नेला.
मग उजेडाकडे धरला.
सगळे हसले.
मामा हसले नाहीत.

तीस वर्षं ते स्वतः गाळतात.
पहिली धार टाकून देतात.
का, ते ठाऊक नाही; त्यांच्या मामांनी सांगितलं होतं,
पहिली धार मातीची.
(पुस्तकात यावर दोन पानं आहेत
आणि त्यातलं दीड पान मतभेद.)
आमच्यात वारसा मामाकडून येतो.
मी प्यायले. घसा भाजला.
निघताना पाण्याच्या छोट्या बाटलीत
थोडी भरून घेतली.
कुणी पाहिलं नाही.

सोमवारी सतरांच्या आधी अठरावी लावली.
जिच्यात काहीच नसतं, ती.
तिला कोरा नमुना म्हणतात,
आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास.
सपाट रेघ यायला हवी होती.
आली. चालत राहिली.
आणि मग, चवथ्या मिनिटाच्या अलीकडे,
एक उंचवटा.
लहानसा. चादरीखालच्या गुडघ्याएवढा.

सर पाठीमागे येऊन उभे राहिले.
त्यांना माझ्या कोटाच्या खिशाचा वास आला असणार;
झाकण सैल होतं, बोटं ओली होती.
ते खिशाकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते.
"कोरा नमुना कोरा नसला," ते म्हणाले,
"की यंत्राचा दोष क्वचित असतो.
आत येताना आपण काय घेऊन आलो,
ते आधी लिहायचं."

मी लिहिलं. कारण: मी.
खोडावंसं वाटलं, एकच रेघ मारायची होती,
पण ती चूक नव्हती,
म्हणून नुसती सही केली, नुसती वेळ.
दहा वाजून बावीस मिनिटं.

आणि तेवढ्यात वीज गेली.
पंखा, सर, हिरवा दिवा.
अंधारात दहा हात दहा बाटल्यांवर.
अकरावा
खिशावर.