छपराचा वाटा

लाँगटनला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मेलरने कागद माझ्याकडे सरकवला,
चहादाणीच्या ओळीखाली लाल रेघ:
नगामागे चार पौंड तोटा.
"बंद करू या. यात विचार कसला करायचा?"

सोपंच होतं. म्हणून मी रात्री थांबले.

विक्री अडतीस.
माती, झिलई, गॅस, मजुरी मिळून एकोणतीस.
उरले नऊ.
मग हे तेरा कुठून आले वजाबाकीला?

तेरा होते छपराचे,
विम्याचे, वॉचमनचे, मेलरच्या गाडीचे,
भट्टीच्या तासांवर वाटून दिलेले.
आणि चहादाणी पोटुशी,
कपापेक्षा दुप्पट वेळ भट्टीत बसते,
म्हणून सगळ्या कारखान्याचं खापर तिच्या माथी.
ही वाटणी तीन वर्षांपूर्वी
मीच केली होती. घाईत, एका शुक्रवारी.

सकाळी मी म्हटलं,
ती गेली तरी छप्पर जाणार नाही.
तिचे तेरा कपांच्या डोक्यावर बसतील,
मग कप तोट्यात, मग बश्या,
शेवटी आपण दोघं उरू
रिकाम्या छपराला टेकू देत.
मेलर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.
"मार्चपर्यंत," तो म्हणाला.

मार्चपर्यंत. सांगायला खाली गेले.
शर्ली ह्यूम चहादाण्यांना तोट्या चिकटवत होती
(तोटी आणि तोटा, फरक एका वेलांटीचा,
पण हे तिला इंग्रजीत कसं सांगू?)
ओल्या मातीवर अंगठा दाबत,
एकतीस वर्षं त्याच स्टुलावर.
"तुझ्या त्या कागदात मी कुठे असते गं?"
सहज विचारलं तिने, मान वर न करता.

बदलत्या खर्चात, शर्ली.
माती आणि गॅसच्या मधे.
चहादाणी गेली की वाचेल त्या रकमेत.
स्थिर खर्चात छप्पर आहे,
ऑगस्टपासून गळणारं,
ज्याच्याखाली तुझ्या स्टुलाशेजारी
निळी बादली ठेवलीय.

"जमेच्या बाजूला," मी म्हटलं.

ती हसली.
एक तोटी जरा तिरकी बसली होती.
तिने ती उचकटली, कडा पुन्हा ओली केली,
आणि लावली.