सोय

अकरा वर्षं मी एकच वाक्य म्हणत आले
प्रवेशाच्या खोलीत, पंख्याखाली,
बिस्किटांची बशी पुढे सरकवून :
"आमच्याकडे तशी सोय नाही हो."
त्यातला 'हो' फार मऊ होता.
ऐकणारे उठायचे, फाईल छातीशी धरायचे,
मुलाला खुर्चीतून उतरवायचे
आणि जाताना मलाच थँक्यू म्हणायचे.
विश्रामबागच्या कोपऱ्यावर रिक्षा मिळेपर्यंत
खिडकीतून दिसत राहायचे.
मी पुढचा नंबर पुकारायचे.

वैजयंता मगदूम उठलीच नाही.
नवरा मार्केट यार्डात तोलाईदार,
ती हळदीच्या पॉलिशला;
नखांच्या मुळाशी पिवळं, साबणाला दाद न देणारं.
मांडीवर रुजुता, सहा वर्षांची,
पाय एकमेकांत अडकलेले, मान जराशी डावीकडे,
नजर क्रीमच्या बिस्किटावर.
वैजयंताने पिशवीतून पेन काढलं,
एक लग्नपत्रिका कोऱ्या बाजूला उलटी केली.
"सोय म्हंजे काय काय लागतंय, सांगा की.
लिहून घेते. आणते."

मला एकही वस्तू सांगता येईना.
जे नाही म्हणून इतकी वर्षं सांगितलं
ते असतं कसं, कुणी विचारलंच नव्हतं.
म्हटलं, पायऱ्या आहेत चार.
तिने लिहिलं : पायऱ्या ४.
म्हटलं, बाकीचे पालक…
पेन थांबलं.
"त्ये तुमचं तुम्ही बघा, बाई."

जूनमध्ये फळी आली.
ट्रकमधून पोती घसरवायची, जाड, कडांना पत्रा ठोकलेली.
रुजुताच्या बापाने एक डोळा मिटून उतार तोलला,
वीट काढली, वीट लावली.
खुर्चीची चाकं फळीवरची हळद घेऊन वर आली
आणि आमच्या चकचकीत फरशीवर
दारापासून तिसऱ्या बाकापर्यंत
दोन पिवळ्या रेघा.
बिराप्पामामा संध्याकाळी पुसायचे.
सकाळी पुन्हा.

खोटं कशाला सांगू, जड गेलं.
ती वाचायला लागली की
माझा डोळा घड्याळाकडे.
शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन बसायचा, दम खायचा;
मी तो दयाळूपणे पुरा करून टाकायचे,
आणि ती दिवसभर तोंड मिटून घ्यायची.
एकदा अरमान मुल्लाने हात वर केला :
"मॅडम, तिचं येत आलेलं. तुम्हीच मधे बोलला."

एक मुलगा दुसऱ्या तुकडीत गेला.
अर्जावर कारण : वैयक्तिक.

गॅदरिंगला तिला झाड केलं. मीच केलं,
झाडाला काही करावं लागत नाही म्हणून.
नाटक ऐन रंगात, आणि झाडाने दोन्ही हात
असे काही हलवले की कागदी पानं पहिल्या रांगेत.
नंतर रागावूनच विचारलं.
उत्तर यायला वेळ लागला. किती, ते मी पाहिलं नाही.
"वा… रा… व्हता."

फाल्गुनात यार्डाला फळी परत हवी होती.
ट्रस्टींसमोर सिमेंटच्या उताराचा विषय निघाला.
चहा आला, बशी आली,
आणि कुणीतरी फार मऊ आवाजात म्हणालं,
यंदाच्या बजेटमध्ये तशी सोय नाही हो.

मी पेन काढलं.
"काय काय लागतं, सांगा. लिहून घेते."

बैठक लांबली. उतार अजून व्हायचाय.
अरमान आणि कंपनी खुर्ची उचलते, मी मागून धरते.

रात्री त्याच कागदाच्या मागे
अकरा वर्षांतली नावं लिहायला बसले.
वाक्य पाठ होतं, नाव एकही नाही.
फक्त एक जण आठवला, लाल बुटांचा.
जाताना त्याने बशीतलं बिस्किट उचललं होतं.
त्याची आई दारातून मागे आली,
त्याच्या मुठीतून ते सोडवलं
आणि बशीत होतं तिथे
नीट परत ठेवून गेली.