सहा मायक्रॉन

जागा दिलीय खसखशीच्या एका दाण्याएवढी.
तीत चार कड्या बसवायच्या,
तांब्याच्या, चौकोनी, प्रत्येकीचं तोंड किंचित उघडं,
आणि अठ्ठावीस गिगाहर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे जे असेल
तेवढंच आत घ्यायचं.
बाकीच्यांना उंबऱ्यावरूनच निरोप.

ओउलूत नोव्हेंबर. तीनच्या आत दिवस मावळतो,
खाली सायकलींच्या सीटवर बर्फाच्या उशा.
हेल्लेवी घरी जाताना माझ्यासाठी
थर्मासमध्ये अर्धी कॉफी ठेवून जाते.

एकट्या कडीचं काही अवघड नसतं.
तिचा एक सूर, आलेखावर एक सुळका.
दुसरी, हुबेहूब तिच्यासारखी, शेजारी आणली
की सुळका दुभंगतो:
एक शेंडा जरा खाली, एक जरा वर,
आणि कुठला कुणाचा, विचारायची सोय राहत नाही.
दोन्ही दोघींचे.

मध्ये दहा मायक्रॉन सोडले तर शेंडे एकमेकांना चिकटून,
चार सोडले तर इतके लांब की मधे दरी.
मी सहावर येते.
सहा पूर्णांक दोन. परत सहा.
संगणक पहाटेपर्यंत दळत बसतो
आणि पीठ निघतं एका ओळीचं.

माझे वडील हाइलुओटो बेटावरचे.
समुद्र नीट गोठला की तिकडे बर्फावरून रस्ता निघतो,
हल्ली दरवर्षी नाही निघत.
लहानपणी मी मागच्या सीटवरून ओरडायचे,
पुढच्या गाडीला गाठा की!
ते पन्नास मीटर सोडून चालायचे.
म्हणायचे, बर्फ वरून दोघांना वेगवेगळा दिसतो,
खालचं पाणी एकच आहे.

डिसेंबरात निरोप आला: जागा अजून कमी करा.
सरळ ओळ मोडली, घोड्याच्या नालासारखी वाकवली.
पहिली कडी चौथीच्या समोर आली.
त्या दोघींनी बोलायचं नव्हतं.
बोलल्या.
पट्ट्याच्या दोन्ही अंगांना दोन खड्डे पडले, खोल, अरुंद,
आणि मी तीन रात्री त्यांच्यामध्ये भिंत बांधत राहिले,
जमिनीला जोडलेल्या खिळ्यांची,
दाट, अजून दाट.
भिंतीनंच जागा खाल्ली.

ओस्मोची निवृत्ती दहा महिन्यांवर आलेली.
चष्मा कपाळावर ठेवून तो पडद्याच्या इतका जवळ गेला
की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.
"हे खड्डे कुठे आहेत?"
सांगितलं.
"आणि आपल्याला कोण नको होतं?"
मी आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि तसंच ठेवलं.

लांबच्या वाटेनं, तीन फटी ओलांडून एक लाट येते.
तीच लाट आडवाटेनं समोरून थेट येते.
दारात भेटतात तेव्हा एक चढती, एक उतरती.
कुणीच आत येत नाही.
मी रात्री तीन वाजता भिंत पुसून टाकली.
खिळे एकेक करून.
हलकं वाटलं म्हणू नये, पाठ दुखत होती.

अकरा आठवड्यांनी चिप परत आली.
सुया टेकवताना हेल्लेवीनं श्वास धरला,
मी टेबलापासून मागे सरकले.
सगळं तीनशे मेगाहर्ट्झ खाली घसरलेलं.
हानी म्हटली होती त्याहून अर्धा डेसिबल जास्त.
एक खड्डा पुरेसा खोल,
दुसरा उथळ, बशीसारखा.
ओस्मो म्हणाला, "हं."
त्याच्याकडून हे पुष्कळ आहे.

मार्चमध्ये रस्ता उघडला, चारच दिवस.
मी वडिलांकडे निघाले.
बर्फावर पट्टा सोडून बसायचं असतं, मी सोडला.
पुढे कुणाच्या तरी गाडीचे लाल दिवे.
पन्नास मीटर.
काच खाली केली.
बर्फ खोलवर कुठेतरी वाजत होता,
माझ्या चाकांनी की त्याच्या,
कळत नव्हतं.