शेरा

मे महिना, पारा सेहेचाळीसवर. दुपट्टा तोंडाला गुंडाळून
बेसा रोडला पोचले, तेव्हा ती पोर्चमध्ये उभी होती.
पोर्च तिला पुरत नव्हता,
मागचा दीड फूट उन्हात.
हेमराज लांजेवार, कोळशाची वाहतूक, म्हणाले,
"पाहून घ्या मॅडम. तीन वर्षांत अकरा हजार चालली फक्त."

माझ्याजवळ छापील तक्ता असतो, एकशे चाळीस रकान्यांचा.
रंगाची जाडी मोजली. कुठेच दुसरा हात नाही.
टायरच्या खाचेत नाणं घातलं, सिंह अजून बुडतात.
तिसऱ्या रांगेवर कंपनीचं प्लास्टिक तसंच,
त्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता,
चार दाणे.

दार लावलं आणि नागपूर बंद झालं.
खरंच. समोर वेल्डिंगचं दुकान,
ठिणग्या उडत होत्या
आणि आवाज नव्हता.
खुर्ची पाठीवर गार श्वास सोडू लागली.
माझ्या घामाची एवढी विचारपूस कुणी केली नव्हती.
लिहिलं: केबिन, उत्तम.

गिअरमागे एक गोल खटका:
वाळू, चिखल, खडक, बर्फ.
"बर्फ कधी लावला का?"
"एकदा," ते म्हणाले. "गोळेवाल्यासमोर."
हसले नाहीत.

वर्धा रोड. मेट्रोच्या खांबांची सावली
एक आड एक अंगावरून गेली, मग खापरी, मग मोकळं.
अडीच टन, पण पायाला जोर लागत नाही,
पाय नुसता मनात आणतो आणि ट्रक मागे पडतात.
जामठ्याच्या अलीकडे रस्ता खोदलेला.
तिथले अकरा खड्डे माझ्या मोपेडला तोंडपाठ आहेत,
हिला एकही लक्षात राहिला नाही.
वळताना कलते का, ते बघायचं असतं.
कलत नाही. जुन्या मुख्याध्यापिकेसारखी वळते,
आधी मान, मग सगळी शाळा.

परत पोर्चमध्ये घेताना पडद्यावर आम्ही वरून दिसलो,
घारीला दिसावं तसं: कुंड्या, तुळस, चपलांचा ढीग.
चार कॅमेरे मिळून भोवतालचं जग शिवतात,
मधली गाडी मात्र आधीच काढून ठेवलेलं चित्र.
तिला सगळं दिसतं, ती सोडून.
चित्रातली पांढरी होती. ही काळी.
यासाठी रकाना शोधला. नव्हता.

शेवटून दुसरा रकाना: विकण्याचं कारण.
लांजेवारांनी एसी उगाच एक घर कमी केला.
"इतवारीत थोरली बहीण राहते आमची.
गल्लीत शिरलो का हे सुरू. हातगाडी आली, टूं.
गाय आली, टूं टूं.
मागच्या राखीले ताई दारातच उभी, ताट घेऊन.
लंगडत लंगडत पुढं आली, काचेजवळ आली,
अन् हे एकसारखं बोंबलून राहिलं, पडदा लालभडक.
ताई दचकून मागं सरली, दिवा विझला.
जवळचं माणूस ओळखू येत नाही मॅडम हिले.
जितकं जवळ, तितकी ओरडते."

मी म्हटलं, "आवाज बंद करता येतो."
बटण दाखवलं. हाताखालीच होतं.

ते बराच वेळ त्या बटणाकडे पाहत राहिले.
"तीन वर्षं," म्हणाले.
मग एकदा दाबलं. परत दाबलं.
"मग विकू का नको?"
माझं काम आकडा लिहिण्याचं आहे.
मी आकडा लिहिला. त्यांनी कागद घडी करून
खिशात घातला, न वाचताच.

दार उघडलं तशी वेल्डिंगची करकर
वाट पाहत असल्यासारखी अंगावर आली.
मोपेडची सीट तव्यासारखी तापलेली.
बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्यावर ओतलं,
चर्र झालं, वाफ गेली.
चौकीदाराचा पोरगा कधीचा गेटशी उभा होता.
"ताई, देते किती?"
"कोण, ती?"
"नाही. ही."
त्याने माझ्या हँडलवर हात ठेवला होता.
"पंचेचाळीस," मी म्हटलं.
"उन्हाळ्यात थोडं कमी."